डिझेल बचत, प्रथम क्रमांक

"ऊठ," आबा म्हणाले. "घाट मी उतरवणार."

घाटमाथ्यावरच्या टपरीत आम्ही चहा घेत होतो. सकाळचे नऊ झाले असतील. माझा कप अजून अर्धा भरलेला होता आणि गाडीची किल्ली आबांच्या हातात होती. रुमाल काढायला म्हणून मी ती क्षणभर बाकड्यावर ठेवली होती, एवढंच माझ्याकडून घडलं.

"आबा, ही गाडी वेगळी आहे."

"चाकं किती?"

"चार."

"मग काय येगळं?"

"इलेक्ट्रिक आहे. हिला गिअर नाहीत, क्लच नाही."

"म्हंजे निम्मं काम कमीच झालं की," असं म्हणून ते गाडीकडे चालायलाही लागले.

माझे वडील, श्रीपती चौगुले, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. चोवीस वर्षं त्यांनी एका दूध संघाचा टँकर याच घाटातून भरलेला खाली कोकणात नेला आणि रिकामा वर आणला. त्यांच्या उजव्या मांडीत एक सळई होती, तीही याच घाटाची देणगी. मी कॉमर्स कॉलेजात शिकवतो. वर्गात एकशेवीस पोरं असतात आणि त्यातली निम्मी तरी माझं ऐकतात असा माझा समज आहे. घरात मात्र आबांना नाही म्हणायची पद्धत नव्हती. ती कधी सुरूच झाली नव्हती. ते मला मास्तर म्हणत. लहानपणी लाडानं म्हणत, मी खरोखरच मास्तर झाल्यावर टिंगलीनं म्हणायला लागले.

मी उरलेला चहा तसाच ठेवला आणि माझ्याच गाडीत डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. आबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा डबा माझ्या मांडीवर ठेवला. घरापासून तो त्यांच्या मांडीवर होता.

"ह्यात काय आहे, ते आता तरी सांगा."

"धर नीट."

आम्ही विश्राम मेस्त्रींना भेटायला चाललो होतो. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या सुनेचा, स्नेहलचा, फोन आला होता. फोन मीच घेतला. ती म्हणाली, "काका, बाबांक आता फार दिवस नाहीत असा डॉक्टर म्हणतत. ते सारखे एकच बोलतत. श्रीपतीक बोलवा, माका त्याची माफी मागूची आसा."

माफी कशाची, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मेस्त्री दूध संघाच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम बघायचे. सत्तावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी आबांच्या टँकरचे ब्रेक केले. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या नवव्या वळणावर ब्रेक लागला नाही. दरीत जाण्यापेक्षा बरं म्हणून आबांनी टँकर डोंगरावर घातला. नऊ हजार लिटर दूध रस्त्यानं वाहत गेलं आणि खालच्या वाडीतल्या बायका कळशा घेऊन धावल्या. आबांच्या मांडीच्या हाडाचे तीन तुकडे झाले. संघानं चौकशी नेमली. आबांनी दवाखान्यात पडल्या पडल्या एका ओळीचा जबाब दिला, 'ब्रेक लागला नाही.' मेस्त्रींनी चौकशीत स्वतःहून सांगितलं, 'माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल.' चौकशीला आणखी काही नको होतं. मेस्त्रींची नोकरी गेली. ते घाट उतरून आपल्या गावाला गेले आणि पुन्हा कधी वर आले नाहीत. आबा पुढे रिटायर होईपर्यंत संघाच्या गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या टँकरांचे नंबर लिहीत राहिले.

फोन आला त्या दिवसापासून आबा फारसे बोलले नव्हते. आठव्या दिवशी सकाळी म्हणाले, "चल. आजच जाऊ." मला वाटलं, त्यांना ड्रायव्हर पाहिजे.

आदल्या रात्री लाईट गेल्यामुळे गाडी अर्धवटच चार्ज झाली होती. माथ्यावर पोचलो तेव्हा सतरा टक्के उरले होते. पण मला काळजी नव्हती, कारण मी हिशेब केला होता. ही गाडी घेतल्यापासून मी भेटेल त्याला एक गोष्ट सांगत असे. उतारावर पाय उचलला की गाडी स्वतःच स्वतःला आवरते आणि त्या आवरण्यातून तयार झालेली वीज परत बॅटरीत जाते. घाट उतरताना चार टक्के मिळतील, त्यावर मेस्त्रींचं गाव गाठू, तिथं तासभर बसू आणि तिथून हायवेवरच्या मोठ्या चार्जरपर्यंत जाऊ, असं सगळं जमवलेलं होतं.

पहिली दोन वळणं आबांनी अशी घेतली की मला माझ्याच भीतीची लाज वाटली. गाडी रस्त्याला धरून, हळूच वळत होती. पडद्यावर सतराचे अठरा झाले.

"बघा, अठरा झाले."

"काय अठरा?"

"चार्जिंग. उतारावर वाढतं हिचं." आणि मी त्यांना ते सगळं समजावून सांगितलं. मी चांगलं समजावतो असा माझा लौकिक आहे.

आबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "न्यूट्रल कुटं हाय ह्यात?"

"कशाला?"

"हाय का न्हाई, एवढं सांग."

"आहे. या गोल बटणावर, मधे. पण ते गाडी ओढून न्यायची असली तर..."

आबांनी ते फिरवलं.

इलेक्ट्रिक गाडी न्यूट्रलला गेली की आवाज बदलत नाही, कारण आवाज आधीही नसतो. इतका वेळ गाडीला मागून कुणीतरी धरून ठेवलं होतं आणि आता त्यानं हात सोडला, एवढंच जाणवतं. काटा चाळीसवर होता. तो पन्नासवर गेला. मग अठ्ठावन्नवर गेला.

"आबा, परत डी वर घ्या."

"बस गप."

"आबा, ही दीड टनाची गाडी आहे."

"टँकर किती टनाचा हुता?"

बटण आम्हा दोघांच्या मधे, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. पण त्याच्यावर आबांचा पंजा होता. आणि खरं सांगायचं तर पंजा नसता तरी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. ते एका बाजूला फिरवलं की गाडी पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूला फिरवलं की मागे. मी रोज सकाळी ते डोळे मिटून फिरवतो. त्या क्षणी कुठली बाजू कुठली, ते आठवेना. गाडीचं माहितीपुस्तक समोरच्या खणात होतं. ते ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आलं, त्याच पिशवीत, पिशवी न फोडलेली. मी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तेवढंच माझ्या हाती होतं.

आबा ब्रेकवर पाय ठेवून, समोर बघत, सावकाश बोलत होते. चावडीवर बसून बोलावं तसं.

"सगळेच करायचे. घाट लागला की न्यूट्रल. इंजन नुसतं गुरगुरतंय, गाडी आपल्या वजनानं पळतीया. माथ्यापास्नं पायथ्यापतूर वाटीभर डिझेल लागायचं न्हाई. साहेबास्नी ठावं हुतं, मेस्त्रीला ठावं हुतं. मेस्त्री एकटा वरडायचा. म्हनायचा, श्रीपती, एक दिवस ब्रेक जाळशील. म्या म्हनायचो, तू हायस न्हवं करायला."

"आबा, वळण."

"दिसतंय मला."

डिझेल वाचवून काय मिळायचं, ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती. संघ दरवर्षी सर्वसाधारण सभेत सर्वांत कमी डिझेल जाळणाऱ्या ड्रायव्हरला स्टीलचं भांडं द्यायचा. अकरा वर्षं ते आबांना मिळालं. प्रत्येकावर यंत्रानं कोरलेलं असायचं, 'डिझेल बचत, प्रथम क्रमांक', खाली वर्ष. आमच्या आईचं सगळं स्वयंपाकघर त्यावर उभं होतं. ती मला हाक मारून सांगायची, अठ्ठ्याऐंशीतली डाळ काढ, नव्वदमधे गूळ आहे बघ. शेवटचं भांडं अपघाताच्या वर्षीचं. नऊ महिन्यांच्या बचतीवरच आबा पहिले होते आणि पुढचे तीन महिने टँकर मोडून पडल्यामुळे त्यानं डिझेल अजिबातच खाल्लं नव्हतं. अध्यक्ष स्वतः दवाखान्यात येऊन ते खाटेवर ठेवून गेले.

गाडीत वास यायला लागला. जळक्या रबरासारखा, पण कोरडा.

"ह्यो वास," आबा म्हणाले. "ध्यानात ठेव."

"आबा, पाया पडतो तुमच्या."

"आता सातवं गेलं. आठवं." मग एक पिवळा कठडा आला. "हितं."

"इथं काय?"

"हितं पेडल लोन्यावानी मऊ झालं. पाय पार खाली गेला तरी काय न्हाई."

"पण ब्रेक तर मेस्त्रींनी..."

"मेस्त्रीनं ब्रेक चोख केलते," आबा म्हणाले. "त्याच्याइतके चोख ब्रेक करनारा मानूस जिल्ह्यात न्हवता. ते म्या जाळले. माथ्यापास्नं हितपतूर, मागं नऊ हजार लिटर दूध, आन न्यूट्रल."

वळणाच्या पलीकडून चिऱ्यांनी भरलेला ट्रक वर येत होता. त्याचा हॉर्न वाजला. आबांचा पाय बराच खाली गेलेला मला दिसत होता. त्यांनी पंजाखालचं बटण फिरवलं. ते बरोबर बाजूला फिरलं. गाडीला परत कुणीतरी मागून धरलं आणि आम्ही ट्रकच्या बाजूनं, हात काढला असता तर चिऱ्याला लागला असता एवढ्या अंतरावरून, खाली आलो.

दोन-तीन वळणं गेल्यावर मी म्हणालो, "हे तोंडानं सांगता आलं असतं."

"तुला सांगून कळत न्हाई. तू शिकवनारा मानूस. तुला दावावं लागतंय." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आन मला साक्षीदार पायजे. म्या एकट्यानं सांगितलं तर मेस्त्री मानायचा न्हाई. त्याचा सोभाव मला ठावं हाय. तू शिकलेला. तू डोळ्यानं बघितलंस. तू सांगशील."

म्हणजे त्यांना ड्रायव्हर नको होता.

"सत्तावीस वर्षं?" मी विचारलं.

"जबाब खोटा न्हवता माझा. ब्रेक लागलाच न्हवता. का लागला न्हाई, ते कुनी इचारलं न्हाई." मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हे किती हाय आता?"

"अठराच. वाढायचं ते वाढलं नाही."

"म्हंजे ह्या गाडीत न्यूट्रलनं काय वाचत न्हाई?"

"उलट मिळायचं ते जातं."

"मग ह्या गाडीवर बक्षीस मिळालं नसतं."

"नाही."

"बरं झालं असतं," आबा म्हणाले आणि हसले. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच हसणं.

सपाटीवर टक्के भराभर गेले. मेस्त्रींच्या दारात आम्ही आठ टक्क्यांवर पोचलो. गाडी दर मिनिटाला टिंग करून मला लाज आणत होती. हायवेवरचा चार्जर आता आमच्या आवाक्यात नव्हता.

घराला लागूनच पत्र्याची एक शेड होती. शटर अर्धवट ओढलेलं, वर हातानं रंगवलेला बोर्ड: 'विश्राम ऑटो गॅरेज. येथे सर्व प्रकारची कामे होतील.' आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'ब्रेकचे काम होणार नाही.'

आबा बोर्डासमोर उभे राहिले. त्यांनी तो दोनदा वाचला असावा. मग माझ्याकडून डबा घेतला.

मेस्त्री पडवीत खाटेवर होते. माणूस मावून अंथरूण उरलं होतं, पण डोळे लखलखीत होते. वीस वर्षं घाटावर काढल्यामुळे त्यांची भाषा अर्धी तिकडची, अर्धी इकडची झाली होती.

"इलंस, श्रीपती?" ते म्हणाले. "गाडीचो आवाज काय आला नाही. पण ब्रेक तापल्याचो वास इलो. म्हटलं, घाटावरचं कोणतरी आहे."

स्नेहलनं खुर्च्या आणल्या. आबा खुर्चीवर न बसता खाटेच्या कडेवर बसले. मेस्त्रींनी दोन्ही हात उचलून जोडायचा प्रयत्न केला. ते नीट जुळेनात. आबांनी ते पकडून खाली ठेवले.

"माका बोलू दे," मेस्त्री म्हणाले. "सत्तावीस वर्षं मी ते चाक रोज रात्री खोलतंय. लायनर बघतंय, स्प्रिंग बघतंय, पाइप बघतंय. कुठं चुकलं ता गावत नाय. पण चुकलं असणार. तुझो पाय माझ्यामुळं गेलो. मेल्यावर देवाक काय सांगू?"

"मेस्त्री, ऐक," आबा म्हणाले. त्यांनी डब्यावरचा कागद काढला. भर उजेडात तो डबा नवाच्या नवा दिसला. आईनं तो कधी वापरायला काढलाच नव्हता, आणि का, ते मला आता कळत होतं. "हे वाच."

मेस्त्रींनी डोळ्यांजवळ धरून वाचलं. "डिझेल बचत. प्रथम क्रमांक." मग वर्ष वाचलं. "त्याच वर्षीचो."

"ही बचत कशी झाली ठावं हाय न्हवं तुला? त्या दिवशी माथ्यापास्नं न्यूट्रल हुती. ब्रेक म्या जाळले. तुजं काय चुकलं न्हाई. तुजे ब्रेक चोख हुते. समदी माजी चूक. म्या बोललो न्हाई. नोकरी जाईल म्हनून बोललो न्हाई, आन मंग नोकरी तुजी गेली तवाबी बोललो न्हाई."

इतकं सलग बोलताना मी आबांना कधी ऐकलं नव्हतं. स्नेहल दारात ताट घेऊन उभी राहिली होती.

मेस्त्रींनी डबा छातीवर ठेवला आणि आबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"स्नेहल," ते म्हणाले, "बघून घे. माणूस कसो असता बघ. मी मरतंय म्हणून माझो दोष स्वतःच्या डोक्यार घेऊक इलो. घाट उतरून इलो."

"अरं, दोष घेत न्हाई. खरं सांगतोय."

"तू आधीपासून असोच. चौकशीतसुद्धा तू माझं नाव घेतलं नाहीस. नुसतं बोललंस, ब्रेक लागला नाही."

"मेस्त्री, शपत घेऊन सांगतो."

"खोटी शपथ नको घेऊस माझ्यासाठी."

आबा हतबल होऊन माझ्याकडे वळले. "मास्तर, सांग ह्याला. आता घाटात काय झालं ते सांग."

मेस्त्रींनी मान माझ्याकडे वळवली. त्यांच्या तोंडावरचं पाणी तसंच होतं, पण नजर एकदम वेगळी झाली. इंजिनावर कान ठेवणाऱ्या माणसाची झाली.

"व्हय, वास मगाशीच इलो," ते हळूच म्हणाले. "सरळ उतरताना ब्रेक इतके तापत नाहीत. मास्तरानू, तुम्ही शिकलेले. खरं सांगा. श्रीपतीन गाडी न्यूट्रलला टाकली होती?"

हा प्रश्न मी त्यानंतर पुष्कळदा ऐकला आहे. वर्गात, बाथरूममध्ये, सिग्नलला. प्रत्येक वेळी मी बरोबर उत्तर देतो.

त्या दिवशी मी आधी मेस्त्रींकडे पाहिलं, मग आबांकडे. दारात एक परकी बाई माझ्या बापाकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. वर्गात मी पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलतो.

"नाही," मी म्हणालो. "इलेक्ट्रिक गाडीला न्यूट्रल नसतो."

मेस्त्रींची नजर सैल पडली. त्यांनी मान उशीवर टेकली.

"तर काय," ते म्हणाले. "तरीच. नव्या गाडीचे ब्रेक पहिले थोडे दिवस वास मारतत."

आबा माझ्याकडे बघतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पाहिलं नाही.

यानंतर माणसानं निघून जावं. आम्हाला जाता येत नव्हतं. आठ टक्क्यांवर घाट चढणारी गाडी अजून कुणी बनवलेली नाही. स्नेहलनं सांगितलं की गॅरेजमध्ये वेल्डिंगसाठी मोठा प्लग आहे. मी शटर वर केलं, वायर लावली. पडद्यावर आलं, सात तास दहा मिनिटं. गाडी 'ब्रेकचे काम होणार नाही' या बोर्डाखाली चार्ज होत उभी राहिली आणि आम्ही त्या घरचे मानाचे पाहुणे झालो.

सात तासांत एक वाक्य म्हणायला कितीतरी वेळ असतो. मला ते अकरा वाजता म्हणता आलं असतं, मेस्त्री जागे होते. एक वाजता म्हणता आलं असतं. पण एक वाजता मेस्त्रींनी उठून बसून वाटीभर पेज घेतली आणि स्नेहल डोळ्यांना पदर लावून मला म्हणाली, "आज पंधरा दिवसांनी तेंच्या पोटात अन्न गेला. तुम्ही इलात ता बरा झाला." आम्हाला तिनं सोलकढी, भात आणि सुरमई वाढली. आबा मान खाली घालून जेवले. शेजारची दोन म्हातारी माणसं मुद्दाम आबांना बघायला आली. मेस्त्रींनी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. दर वेळी सांगताना आबा थोडे आणखी मोठे होत होते.

एकदा आबा म्हणाले, "मेस्त्री, अरं..."

"गप रे," मेस्त्री म्हणाले. "झालं आता. तू इलंस, मी सुटलंय."

मग ते झोपले. आबांचा हात त्यांच्या हातात होता. आबांनी तो दोन तास सोडवून घेतला नाही. मी गॅरेजमध्ये जाऊन टक्के बघत बसलो. भिंतीवर पाने आकारानं लावून ठेवलेले होते, पुसून, लहानापासून मोठ्यापर्यंत. एकाही पान्यावर गंज नव्हता.

साडेपाचला निघालो. मेस्त्री झोपेतच होते. स्नेहल डबा घेऊन गाडीपाशी आली. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून तिनं तो आमसुलांनी काठोकाठ भरला होता.

"हे तुम्हांलाच ठेवायला आणलं होतं," मी म्हणालो.

"बाबा म्हणाले, बक्षीस ज्याचा, त्याच्याकडेच ऱ्हवाक होया."

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. आबांनी मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसले. माझ्या गाडीत ते त्याआधी कधी मागे बसल्याचं मला आठवत नाही. त्यानंतर मात्र ते कायम मागेच बसले. स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मेस्त्री अकराव्या दिवशी गेले. स्नेहलनं फोनवर सांगितलं, शांतपणे गेले, तुमच्या आबांचं नाव घेत होते. ते मी आबांना सांगितलं. गेल्या वर्षी आबाही गेले. डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. आमसुलं संपली, त्यात आता बायको रवा ठेवते.

पण तेव्हा आम्ही घाट चढत होतो. नववं वळण मागे पडलं. उन्हं कलली होती आणि आरशात मला आबांचा अर्धा चेहरा आणि डब्याचं झाकण दिसत होतं. माथा जवळ आला तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"मास्तर."

"हं."

"न्यूट्रल नसतो म्हनालास."

मी पुढच्या वळणाला हॉर्न वाजवला.

"मग सकाळी आपन कशात हुतो?"

घाट चढताना टक्के फार लवकर उतरतात. मी पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिलो.